गावचा तलाव : आपल्याकडे ठेवलेली अमानत

(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा प्रघात आहे. आपण सर्वजण आपल्या मुलामुलींना शाळेत पाठवता, फी भरता, पोटाला चिमटा घेऊन वह्या-पुस्तके घेता. तेव्हा शिक्षणाचे महत्त्व मी आपणांस सांगणे म्हणजे आंब्याच्या झाडाला आंब्याची चव सांगण्यासारखे होईल. मी आज एका वेगळ्या विषयावर बोलणार आहे. तो विषय आहे आपल्या गावचा तलाव.

हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. भूगोलाच्या तासाला मी खाडी म्हणजे काय ते शिकवीत होतो. नदी समुद्राला मिळते तेथे भरतीचे खारे पाणी नदीत शिरते, गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळते, गाळ साचतो, कांदळवन वाढते, मासे व कोळंबी तेथे अंडी घालतात, त्यांची पिल्ले त्या उथळ पाण्यात लहानाची मोठी होतात, हे सर्व मी फळ्यावर आकृती काढून सांगितले. तास संपताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपल्या भंडारा जिल्ह्याला समुद्रच नाही. मग खाडीचा धडा आपल्या काय कामाचा?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी जे उत्तर दिले, तेच थोडे विस्ताराने आज आपणांसमोर मांडतो.

पहिली गोष्ट ही की, आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्राशी आपले नाते तुटलेले नाही. आपली वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून आपल्याकडे येते, भंडारा आणि पवनी या गावांना पाणी देऊन पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून वाहते. चपराळ्याजवळ ती वर्धा नदीला मिळते. या दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ कोरिंगाचे मोठे कांदळवन आहे. गोदावरीत एक मोठ्या जातीचा झिंगा असतो. तो राहतो नदीच्या गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्ले वाढतात मुखाजवळच्या मचूळ पाण्यात, आणि मग नदीने वर चढत येतात. तेव्हा भंडाऱ्याच्या नालीत आपण जे टाकतो ते आज ना उद्या कोणत्या तरी खाडीच्या दारात जाऊन पडते. खाडीचा धडा आपल्या कामाचा आहे तो यासाठी.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. समुद्रकाठच्या माणसाला जशी खाडी, तसा आपल्याला तलाव. खाडीची सारी श्रीमंती तिच्या उथळ काठात असते. आपल्या तलावाचेही तसेच आहे. पाळीजवळचे पाणी खोल असते आणि वरच्या अंगाला, जिकडून पावसाचे पाणी येते तिकडे, तलाव हळूहळू उथळ होत शेवटी चिखल आणि गवत होतो. पाहणाऱ्याला वाटते की खोल पाणी म्हणजे तलाव आणि उथळ भाग म्हणजे वाया गेलेली जागा. वस्तुस्थिती उलटी आहे. पाणवनस्पती त्या उथळ भागात रुजतात. मासे त्या वनस्पतींच्या आडोशाला अंडी देतात. पाणपक्षी तेथेच चरतात आणि घरटी करतात. हिवाळ्यानंतर पाणी ओसरत जाते तशी उघडी पडलेली ओली जमीन गुरांना चारा देते. तो उथळ काठ म्हणजे तलावाचा पाळणा आहे. पाळणाच मोडला तर घरात मूल वाढणार कसे?

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात हे आपण पहिलीपासून ऐकत आलो. पण हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, ते माणसांनी बांधले, हे किती जणांना ठाऊक आहे? गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन साऱ्याशिवाय मिळे, असे सांगतात. या कामात कोहळी समाजाचा हात फार मोठा. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी पारखून कोठे पाळ घालावी, सांडवा कोठे ठेवावा आणि वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात कसे उतरवावे, हे त्यांना वडिलोपार्जित ज्ञानाने कळत असे. त्यांच्याजवळ इंजिनियरची पदवी नव्हती, पण त्यांनी घातलेल्या पाळी शेकडो पावसाळे टिकल्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले म्हणून त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. आज सरकारी कागदात त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि बोलण्यात 'मामा तलाव'.

मालगुजारीत जुलूम होता, वेठ होती, ती गेली ते चांगलेच झाले. मध्य प्रांताच्या काळातील कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पण एक गोष्ट त्याबरोबर नकळत गेली. उन्हाळ्यात गाव मिळून पाळीची डागडुजी करीत असे, शेतकरी तलावातला गाळ गाडीने आपल्या बांधीत नेऊन टाकीत असे. तलावाचा मालक कोणीही असो, काळजी गावाची होती. आता मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थेकडे आणि पाण्याच्या येव्याची जमीन आणखी कोणाकडे, अशी वाटणी झाली. मालक अनेक झाले आणि काळजी करणारा कोणी उरला नाही. ज्या घरात सून म्हणते हे काम सासूचे आणि सासू म्हणते हे काम सुनेचे, त्या घरातला उकिरडा वाढतच जातो.

आता या तलावाचे काम काय ते पाहू. आपला जिल्हा धानाचा. आपल्याकडे पाऊस साधारण तेराशे मिलिमीटर पडतो, म्हणजे राज्याच्या दुष्काळी भागांच्या मानाने भरपूर. तरीही धान का जातो? कारण पाऊस सप्टेंबरमध्ये आटोपतो आणि भारी धान लोंबीवर येतो तो त्यानंतर. त्या वेळी एक पाणी मिळाले तर पीक घरी येते, नाही मिळाले तर तणस तेवढी हाती लागते. ते एक पाणी देण्यासाठी आपल्या पूर्वजांनी तलाव बांधले. शिवाय तलावाचे पाणी झिरपून विहिरींना पाझर राहतो. अतिवृष्टीच्या वेळी तलाव पुराचे पाणी अडवून धरतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराची काय दशा केली ती आपण विसरलो नसू. त्या पुराला मोठ्या धरणांतून सोडलेले पाणी हे मुख्य कारण होते, हे खरे. परंतु ज्या गावाने आपले तलाव आणि नाले बुजवले त्याला थोडे पाणीही फार होते, हेही तितकेच खरे.

तलावावर जगणारी माणसे ढीवर समाजाची. त्यांना तलावाची जेवढी ओळख आहे तेवढी आम्हा पुस्तकी शिक्षकांना नाही. मरळ, दाडक, शिंगूर, मागूर हे आपल्या तलावांतले मूळचे मासे. मरळीची गंमत ऐका. ती पाण्यातल्या गवतात जागा करून अंडी घालते, आणि पिल्ले फुटली की नरमादी त्यांची राखण करतात. तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून पाणी आटले तरी ती ओल्या चिखलात तग धरते. तिला बाहेरून बीज आणून सोडावे लागत नाही. तलावात वनस्पती असली म्हणजे तिचा संसार चालतो. रोहू, कतला, मृगल या माशांचे तसे नाही. ते वाहत्या नदीत अंडी देणारे मासे. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. ही आपल्या देशातील शास्त्रज्ञांची मोठी कामगिरी आहे आणि तिच्यामुळे लाखो लोकांना मासळी मिळाली. पण तलावात हे बीज वारंवार विकत आणून सोडावे लागते. संस्थेजवळ पैसा नसेल तर तलाव रिकामा. मूळचा मासा मात्र फुकट वाढत होता आणि गरिबाच्या चुलीवर शिजत होता. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले.

माशांखेरीज त्या तलावात कमळ आहे, कमळाचे ढेस आहेत, शिंगाडा आहे, काठाला आपोआप उगवणारे देवधान आहे. हे सर्व गावातील गरीब बाईच्या टोपलीत जाणारे अन्न. आणि मग पक्षी. हिवाळ्यात तलवार बदक आणि चक्रवाक आपल्या तलावांवर उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. आणि या सर्वांत उंच, माणसाच्या उंचीचा, तांबड्या डोक्याचा सारस. महाराष्ट्रात सारस आज उरला आहे तो गोंदिया-भंडारा या आपल्या धानपट्ट्यात, आणि तोही हाताच्या बोटांवर मोजावा इतका थोडा. त्याच्या रक्षणासाठी २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

विद्यार्थी मित्रांनो, सारसाचे नाव निघाले म्हणून सांगतो. बादशहा जहांगीरने सारसाची एक जोडी पाळली होती आणि तिला लैला-मजनू अशी नावे दिली होती. नरमादींनी अंडी कशी उबवली आणि पिल्लांचे संगोपन कसे केले, हे त्याने लक्ष ठेवून आपल्या आत्मचरित्रात नोंदवले. हिंदुस्थानचा बादशहा एका पक्ष्याच्या घरट्याची नोंद ठेवतो! आपल्या घरामागच्या तलावात कोणता पक्षी येतो हे आपल्याला सांगता येत नाही, ही लाजेची गोष्ट नव्हे काय?

आणखी एक नाव तुम्ही लक्षात ठेवा : डॉ. सालिम अली. १८९६ साली मुंबईत एका मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईबापांचे छत्र गेले, मामांनी वाढवले. एके दिवशी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी हे विचारण्यासाठी तो मुलगा बिचकत बिचकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तेथील मिलार्ड साहेबांनी त्याला हाकलून दिले नाही, उलट कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले. त्या एका प्रश्नातून भारताचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ तयार झाला. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना सरकारी नोकरी नाकारली गेली होती. त्याच माणसाला १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते वारले. पालकांना माझे सांगणे आहे की, मुलगा निरर्थक वाटणारा प्रश्न घेऊन आला तर त्याला रागावू नका. त्या प्रश्नातच त्याचे भवितव्य दडलेले असू शकते.

आता तलावांच्या आजच्या स्थितीकडे वळू. हे सांगताना मला आनंद होत नाही, पण वैद्याने नाडी पाहून खोटे सांगू नये.

तलावांवर पाच संकटे आली आहेत. पहिले गाळाचे. येव्याच्या जंगलाची तोड झाली, उतारावरची माती वाहून तलावात आली, आणि गाळ काढणे बंद झाले. तलावाचे क्षेत्र कागदावर तेवढेच राहिले, पाणी मात्र कमी मावू लागले. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना सुरू झाली. कल्पना चांगली आहे, कारण ती आपल्या आजोबांचीच आहे. परंतु यंत्राने सरसकट खरवडून उथळ काठही खोल केला तर तलावाचा पाळणा मोडतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे संकट परक्या वनस्पतींचे. बेशरम आणि जलकुंभी या दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आल्या. बेशरमाचे नावच तिचा स्वभाव सांगते : तोडा, फेका, जेथे पडेल तेथे रुजेल. जलकुंभीचे जांभळे फूल दिसायला सुंदर, पण ती पाण्यावर चादर पसरते. खाली ऊन पोचत नाही. उन्हाशिवाय पाण्याखालच्या वनस्पती मरतात आणि त्यांच्याबरोबर पाण्यातला प्राणवायू जातो. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडताना दिसतात ते त्यामुळे.

तिसरे संकट सांडपाण्याचे. जलकुंभीला खत कोण घालते? आपणच. संडास, मोरी आणि साबणाचे पाणी नालीतून तलावात जाते, ते तिचे खत. शहराच्या पोटातील तलावांना हा रोग अधिक. भंडारा शहरात मिस्कीन टँक आहे, खांब तलाव आहे. मिस्कीन या शब्दाचा अर्थ आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे : गरीब, ज्याचे कोणी नाही तो. आज आपल्या साऱ्याच तलावांना हे नाव शोभेल अशी वेळ आली आहे.

चौथे संकट चुकीच्या माशाचे. १९५९ साली आपल्या देशात बाहेरून गवत्या मासा आणला गेला. तो गवत खातो म्हणून तलाव साफ करील, असे वाटून पुष्कळ ठिकाणी सोडला. त्याने खरोखरच साफ केले! चांगली वनस्पती, वाईट वनस्पती हा भेद माशाला कसा कळणार? गवत गेले तशी मरळीची अंडी घालण्याची जागा गेली.

पाचवे संकट कायद्याच्या फटीचे. पाणथळ जागांसाठी जगातील राष्ट्रांचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९७१ रोजी, इराणमधील रामसर या गावी. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ही तीन ठिकाणे या यादीत आली आहेत. बघा, ठाण्याच्या खाडीला मान मिळाला. पण आपल्या तलावांचे काय? पाणथळ जागांविषयी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले त्यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. आपले तलाव तर सिंचनासाठीच बांधलेले! म्हणजे त्यांत सारस नांदो की हंस उतरो, त्या नियमांचे छत्र त्यांच्यावर नाही. जे छत्र सरकारच्या नियमाने मिळत नाही, ते गावानेच धरले पाहिजे.

तलावाची ही गत, तर नदीची काय असेल? नागपूर शहराची नाग नदी लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते आणि शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. पूर्वी वाहत्या पाण्याने ही घाण थोडीफार धुतली जाई. गोसीखुर्द धरणाला १९८३ साली ३७२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि पुढे जलाशय भरला. सिंचनाची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु नदी थांबली आणि तिच्याबरोबर घाणही थांबली. धरणाच्या फुगवट्याने ते पाणी भंडाऱ्यापर्यंत मागे सरकू लागले, आणि ज्या वैनगंगेचे पाणी आपण पितो तिच्यावर जलकुंभी दिसू लागली. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १९०० कोटींहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी बसली. तो लवकर पुरा होवो, अशी आपण दुआ करू. पण यातला बोध विसरू नये : वरच्या गावची मोरी हा खालच्या गावचा पेला असतो. नागपूरने आपल्याशी जे केले ते आपण पवनीशी आणि पवनी पुढच्या गावांशी करीत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मग निराश व्हायचे काय? मुळीच नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, जो १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढीवर बांधवांनी एक काम करून दाखवले आहे. श्री. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना साथ दिली. त्यांनी प्रथम म्हाताऱ्या मासेमारांना विचारले की पूर्वी तलावात काय काय होते. मग बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात तलावाचा उघडा पडलेला तळ नांगरला. दुसऱ्या तलावांतून चांगल्या पाणवनस्पती आणून हाताने लावल्या. पाऊस झाला, वनस्पती रुजल्या, मूळचे मासे वाढले, पक्षी परतले. बायकांनीही या कामात पुढाकार घेतला. परदेशी यंत्र लागले नाही की मोठी रक्कम लागली नाही. लागले ते जुन्या माणसांचे ज्ञान आणि तरुणांचे हात. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांच्याजवळ किती विद्या आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

आता थोडे आपल्या घराविषयी बोलतो. आपण मंडळी तलावाचे मालगुजार नव्हतो, पाळ बांधणारे कोहळी नव्हतो, जाळे टाकणारे ढीवरही नव्हतो. मग हा विषय आपला कसा, असे कोणाच्या मनात येईल. त्याला माझे उत्तर सोपे आहे. आपल्या मशिदीत हौद असतो. अनेक ठिकाणी त्यात मासे सोडलेले असतात. ते डासांची अंडी-अळ्या खातात आणि पाणी चांगले राहते. समजा, उद्या त्या हौदावर शेवाळ आले, पाण्याला वास सुटला, मासे उताणे पडले. तर पुढच्या जुम्म्यापर्यंत कोणी थांबेल काय? कमिटीची वाट न पाहता दहा तरुण लुंग्या खोचून आत उतरतील. गावचा तलाव हा साऱ्या गावाचा हौद आहे. त्यात मुसलमानाचे, हिंदूचे, बौद्धाचे, गोंडाचे, सर्वांचे पाणी आहे. मुक्या जनावराचे आणि पाखराचेही आहे.

वाहत्या नदीच्या काठी वुजू करायला बसलो तरी पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. विहीर खोदून लोकांना पाणी पाजणे हे सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारे पुण्य, असे आपण मानतो. मग असलेला तलाव जिवंत ठेवणे हे त्याहून कमी कसे? ही जमीन आणि हे पाणी आपली मालमत्ता नसून अमानत आहे. अमानत परत करताना ती होती तशी द्यावी लागते. येथे परत कोणाला करायची? समोर बसलेल्या या मुलांना.

तेव्हा मी आपणांपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. बकरी ईदला कुर्बानीचा कचरा नालीत किंवा तलावाकाठी जाता कामा नये. तो खड्ड्यात पुरावा किंवा नगरपालिकेच्या व्यवस्थेत द्यावा. लग्नाच्या दावतीतील प्लास्टिकच्या पत्रावळी आणि पेले पाळीच्या मागे फेकणे बंद व्हावे. हे काम दुसऱ्या समाजाचे लोकही करतात, असे उत्तर मला देऊ नका. दुसऱ्याचे घर अस्वच्छ आहे म्हणून आपण आपले अस्वच्छ ठेवीत नाही. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. गावात ग्रामसभा भरते तेव्हा आपण घरी बसू नये. तेथे जाऊन विचारावे की तलावाचा येवा कोणी बुजवला, गाळ कधी निघणार आणि काठाची वनस्पती राखणार की नाही. हा आपला हक्क आहे, आणि कर्तव्यही.

शाळेने एक करावे. प्रत्येक वर्गाने एक तलाव दत्तक घ्यावा. महिन्यातून एकदा शिक्षकांबरोबर तेथे जावे. पाणी पाळीच्या कोणत्या दगडापर्यंत आहे, कोणते पक्षी दिसले, जलकुंभी कोठपर्यंत पसरली, हे एका वहीत तारीख घालून लिहावे. मुलींनीही जावे, आणि पालकांनी त्यांना पाठवावे. दहावीच्या मुलाने ती वही पाचवीच्या मुलाच्या स्वाधीन करावी. दहा वर्षांनी त्या वह्या पाहायला मोठमोठे अभ्यासक तुमच्या दारी येतील. याच आवडीतून पुढे कोणाला या विषयात शिक्षण घ्यावेसे वाटले तर नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. डॉक्टर आणि इंजिनियर यांखेरीजही इज्जतीच्या वाटा आहेत, हे पालकांनी मनावर घ्यावे.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गातून बाहेर काढले. शिक्षा म्हणून नव्हे. सारा वर्गच बाहेर काढला आणि गावच्या तलावावर नेला. पाळीवर ढीवराचा एक म्हातारा जाळे विणीत बसला होता. मी मुलांना म्हटले, आजचा तास हे घेतील. म्हातारा आधी लाजला. मग त्याने कोठे मरळ राहते, कोठे शिंगूर राहते, कोणते गवत चांगले आणि कोणते वाईट, हे तासभर सांगितले. निघताना त्या मुलाने त्याला विचारले, "बाबा, पुढच्या वर्षी हे सगळे राहील काय?" म्हातारा हातातले जाळे खाली ठेवून म्हणाला, "ते तुम्ही सांगा, बाप्पा. आमचे तर झाले."

बंधु-भगिनींनो, त्या म्हाताऱ्याला उत्तर देणे आपल्याकडे बाकी आहे. ते भाषणाने देता येणार नाही. येत्या उन्हाळ्यात, तलावाचा तळ उघडा पडेल तेव्हा, फावडे घेऊन ते द्यावे लागेल. त्या दिवशी मला बोलवा. मी पाहुणा म्हणून येणार नाही.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.